रातांधळेपणाच्या आड दडलेला काचबिंदू



दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात यात्रेला जनसागर लोटतो, घोड्यांचा बाजार गजबजतो. अशा गर्दीत दिवसभर हुंदडणारे एखादे दहा-बारा वर्षांचे पोर दिवेलागण होताच अडखळू लागते, वडिलांचे बोट सोडायला तयार होत नाही. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, "याच्या आजोबांचेही असेच होते." या एका वाक्याने आजाराचे नाव ठरते आणि पुष्कळदा उपचाराचा विचारही तेथेच थांबतो.

वास्तविक रातांधळेपणा एकाच प्रकारचा नसतो. जीवनसत्त्व 'अ'च्या अभावाने येणारा रातांधळेपणा वेळीच योग्य मात्रा दिल्यास बरा होतो. कुपोषणाशी झुंजणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यात ही शक्यता आधी तपासलीच पाहिजे. दुसरा प्रकार आनुवंशिक, रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात दृष्टिपटलावरील मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी प्रथम निकामी होतात. दृष्टीचे क्षेत्र कडांकडून आत आकसत जाते आणि पुढे रुग्ण जणू नळीतून जग पाहू लागतो. मधली दृष्टी मात्र अनेकदा दीर्घकाळ शाबूत असते. वाचता येते, माणसे ओळखता येतात. त्या उरलेल्या प्रकाशावरच रुग्णाचे शिक्षण आणि चरितार्थ उभा असतो.

त्याच डोळ्यात काचबिंदू शिरला तर? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे सविस्तर विवेचन आहे. त्यातील 'अधिमंथ' म्हणजे डोळा घुसळून निघावा अशी वेदना. अभ्यासक त्याची तुलना काचबिंदूच्या तीव्र झटक्याशी करतात. परंतु काचबिंदूचा अधिक घातक प्रकार मुळीच दुखत नाही. डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नेत्रचेता हळूहळू झिजते. हा म्हातारपणाचाच रोग, हा समज चुकीचा आहे. तो विशी-तिशीत येतो, शाळकरी वयातही येतो. तान्ह्या बाळाचे टपोरे डोळे पाहून आयाबाया दृष्ट काढतात. मात्र ते डोळे पाणावत असतील, उजेड सहन करीत नसतील आणि बुबुळ धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाव घ्यावी.

दोन्ही विकार एकत्र आले की खरी फसगत होते. दोघेही बाजूची दृष्टी खातात. त्यामुळे नजर आणखी आकसली तरी रुग्ण, नातेवाईक, क्वचित डॉक्टरदेखील, आनुवंशिक रोगच पुढे सरकला असे मानतात. नेत्रचेता आधीच फिकट पडलेली असते, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा अर्थ लावणे अवघड जाते. म्हणून दर खेपेस डोळ्याचा दाब मोजून घ्यावा, द्रव निचरा होणारा कोन भिंगातून तपासून घ्यावा आणि जुने अहवाल व छायाचित्रे एका पिशवीत जपून ठेवावीत. सामान्यतः दाब १० ते २१ या मर्यादेत असतो. पण नेत्रचेता दुर्बल असेल तर डॉक्टर त्याहूनही खालची मर्यादा ठरवू शकतात. अशा रुग्णाच्या बाबतीत "दाब ठीक आहे" एवढे उत्तर पुरेसे मानू नये. किती आहे, तो आकडा विचारून लिहून घ्यावा.

रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या बहुतेक प्रकारांवर आजही खात्रीचा उपाय नाही. एका विशिष्ट जनुकातील दोषासाठीची जनुकोपचार पद्धती २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पण ती त्या जनुकापुरतीच. 'मूळपेशींनी हमखास दृष्टी' अशा जाहिरातींमागे जमीन गहाण टाकणे हा निव्वळ अनर्थ होय. काचबिंदूने गेलेली दृष्टीही परतत नाही. पण राहिलेली वाचवण्याची साधने हाताशी आहेत. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया. एक थेंब तर असा की तो दाब कमी करतो आणि आनुवंशिक रोगात दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणाऱ्या सुजेवरही काहींना उपयोगी पडतो. दम्याच्या रुग्णाने मात्र थेंब सुरू करण्याआधी दम्याची कल्पना द्यावी. टिमोलॉल त्याच्या जिवावर बेतू शकते. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणे तर सर्वांत वाईट, कारण त्यानेच दाब वाढतो.

घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो सुनेच्या माहेराविषयी. हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय शास्त्रालाही धरून नाही. अनेक कुटुंबांत दोष आई-वडील दोघांकडून येतो आणि दोघांचीही दृष्टी उत्तम असते; अशा वेळी प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. आते-मामे भावंडांच्या विवाहांत ती गाठ अधिक सहज पडते. शोध घ्यायचाच तर भावंडांना घेऊन नंदुरबार वा धुळ्याला जावे आणि सर्वांचे डोळे तपासून घ्यावेत, दाबासह.

ज्याला फळ्यावरचे अक्षर स्पष्ट दिसते त्याला प्रमाणपत्र कसले, असेही ऐकू येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र हे दोन्ही निकष आहेत. क्षेत्र ४० अंशांहून कमी झाले तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी झाले तर अंधत्व धरले जाते, मग अक्षर कितीही बारीक वाचता येवो. बारावीच्या परीक्षेच्या आधी हा कागद हाती असलेला बरा.