पारतंत्र्यातील प्रेक्षक



सिनेमावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींस वाटेल. पण आठ तासांच्या दिवसासाठी कामगार झगडले, ते उरलेला वेळ आपला आहे हे सांगण्यासाठीच. तेव्हा परकी सत्ता डोक्यावर असताना माणसे सिनेमाला का जातात, हा प्रश्न आम्ही आमचाच मानतो.

पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील अँटवर्प शहर जर्मनांच्या ताब्यात होते. तेथील प्राणिसंग्रहालयाच्या संगीत-सभागृहात 1915 साली सिनेमा सुरू झाला. शहर शत्रूच्या हाती, आणि लोक तिकीट काढून पडद्यासमोर! कोणी त्यांना निर्लज्ज म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. कारण आपले वाडवडीलही पारतंत्र्यात सिनेमाला जातच होते.

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीने पडले. पुढच्याच वर्षी सरकारने भारत संरक्षण नियमांखाली फर्मान काढले, की प्रत्येक खेळात सरकारमान्य पट दाखवलाच पाहिजे. त्याचे भाडेही चित्रगृहवाल्यानेच भरायचे. जळगाव-धुळे ब्रिटिश हद्दीतच. तेही यातून सुटले नाहीत. म्हणजे पैसे आपले, आणि पडद्यावर बढाई सरकारच्या युद्धाची.

पण त्याच 1943 साली बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' आला. त्यातल्या एका गाण्यात कवी प्रदीप यांनी परक्यांना दटावले आणि नाव घेतले जर्मन-जपान्यांचे. सेन्सॉरने गाणे सोडले. प्रेक्षकांनी मात्र परका कोण ते बरोबर ओळखले. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हा बोलपट तीन वर्षांहून अधिक चालला.

सरकारला पडदा ताब्यात घेता आला; प्रेक्षक घेता आला नाही. एका गाण्याने राज्य उलथत नाही, हे आम्हांसही कळते. पण जे माणूस घरात मनातल्या मनात म्हणतो, त्यालाच शेजारच्या अनोळखी माणसाने टाळी दिली, की आपण एकटे नाही हे त्याला उमगते. संघटनेची पहिली पायरी हीच.

आज पडदा खिशात आला आहे आणि ज्याचा तो एकटाच पाहतो आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पडद्यावर काय दाखवतात हे जरूर तपासा, पण आपल्या शेजारची खुर्ची रिकामी का झाली, हेही एकदा विचारा.