ऐच्छिक विषयाची निवड

१९१३ सालीं मुंबईंत सिडनहॅम कॉलेज निघालें, तेव्हांपासून वाणिज्याची पदवी मध्यमवर्गीय घरांना परिचित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें त्या पदवींत इतर शाखांच्या विषयांचीहि वाट मोकळी केली. परंतु ऐच्छिक विषय पुष्कळदां मित्राच्या मागोमाग किंवा सोप्या गुणांच्या आशेनें घेतला जातो. अर्थशास्त्र सांगतें कीं, निवडीचा खरा खर्च म्हणजे तिच्यापायीं सोडलेला उत्तम पर्याय. विद्यार्थ्यानें हाच हिशेब येथें मांडावा. जाहिरातीचें तंत्र नोकरींत अंगवळणी पडेल; संख्याशास्त्र किंवा परिव्ययलेखन मात्र गुरूवांचून सहसा हातीं लागत नाहीं. मुलानें अभ्यासक्रम वाचावा, वडिलांनीं आपली हौस आवरावी. मालक पहिल्या दिवशीं गुणपत्रिका पाहतो. दुसऱ्या दिवशीं खतावणी पुढें ठेवतो.