कुंपणच शेत खाते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज एका दुखण्याविषयी चार शब्द बोलते, कारण ते बहुधा आपल्याच वाट्याला येते. त्याचे नाव ल्युपस. दहा रोग्यांत नऊ बायका असतात; त्याही बहुतेक १५ ते ४५ वयाच्या, ऐन संसारातल्या.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी शक्ती असते. या दुखण्यात ती आपले-परके विसरते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. कुंपणच शेत खाते म्हणतात ना, तसे! म्हणून हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ही दृष्ट नव्हे, देवीचा कोपही नव्हे. अशा बाईचे ताट-तांब्या वेगळे करू नये.

तो ओळखावा कसा? माझ्या नणंदेचे सांगते. कापूस वेचून आली की गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या पंखांसारखी लाली उठे. सगळे म्हणत, ऊन बाधले. सकाळी बोटे आखडत, केस गळत, तोंड येई, अंगात कसर राही. दोन वर्षे नुसत्या संधिवाताच्या गोळ्या चालल्या. पाय सुजले तेव्हा एका डॉक्टरांनी लघवी तपासली. तिच्यातून प्रथिने जात होती. मूत्रपिंडांना झळ लागली होती.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. हारग्रेव्हज यांना अशा रोग्यांच्या हाडांच्या मगजात एक निराळी पेशी दिसली, तेव्हापासून निदानाला वाट मिळाली. आता रक्ताची ए.एन.ए. तपासणी करतात. पण ती कधी धडधाकट माणसातही दोष दाखवते. म्हणून एका कागदावर निकाल नसतो. लक्षणे, रक्त, लघवी सगळे मिळून डॉक्टर ठरवतात.

रोग मुळासकट जात नाही, पण आवरता येतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळची हिवतापावरची गोळी यात बहुतेकांना देतात. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये, आणि डोळे वेळोवेळी तपासून घ्यावेत. उन्हात डोक्यावर पदर, अंगात लांब बाह्या असाव्यात. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रोग शांत असला तर पुष्कळजणींची बाळंतपणे सुखरूप होतात.

भगिनींनो, फर्दापूरहून संभाजीनगरचे घाटी रुग्णालय शंभरेक किलोमीटर. २०२३ साली एसटीत आपल्याला अर्धे तिकीट झाले. घरातल्या सुनेने दुखते म्हटले, तर 'कामाचा कंटाळा' म्हणण्याआधी तिची लघवी तरी तपासून आणा. एवढेच मागणे करून मी आपली रजा घेते.