डांबराखालचा पत्रा



मृगाआधी घराची कौलं चाळायची, तशी गाडीची खालची बाजूही पाहून घ्यायची, असं अब्बा म्हणायचे. पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत त्यांचं गॅरेज होतं. आता धाकटा भाऊ चालवतो. मी कविता करतो आणि गरज पडली तर त्याला दिवा धरतो.

गेल्या मे महिन्यात एक डॉक्टर आपल्या वडिलांची एमजीबी घेऊन आले. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेली ही स्पोर्ट्‌स कार. हिला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तळ कुजला की हाडच कुजलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘पावसाआधी खालून एक काळा हात मारून द्या.’’

भावाने गाडी उचलली. नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी घोड्या लावल्या, पेट्रोलची टाकी उतरवली आणि गरम हवेने जुनं कोटिंग मऊ करत पत्रीने खरवडायला घेतलं. हे कोटिंग जुनं झालं की कडक होतं, त्याला भेगा पडतात. आत शिरलेलं पाणी मग बाहेर निघत नाही. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो कोटिंग फुगवतो. आमच्याकडचा खाडीचा खारा वारा त्याला आणखी घाई करतो. वरून काळंकुळकुळीत, आत भुगा.

डाव्या दाराखाली त्याने स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली. ‘ठण्ण’ऐवजी ‘भद्’ आवाज आला. खरवडलं, तर आत तेलाच्या डब्याचा पत्रा, चार रिबिटा, वर डांबर. भाऊ थांबला. कडा दुमडून असा पत्रा लावायची सवय एकाच माणसाची होती. अब्बांची जुनी वही काढली. गाडीचा नंबर सापडला. साल १९९१. पुढे शेरा : ‘घाईचं काम’.

ते माझ्या बी.ए.चं शेवटचं वर्ष. फीचे पैसे अब्बांनी कुठून आणले, हे मी कधी विचारलं नव्हतं.

‘‘भाई, सांगायचं का?’’ भावाने विचारलं. मी गप्प राहिलो. त्यानेच डॉक्टरांना बोलावलं, वाकून पाहायला लावलं. ‘‘हे आमच्या वडिलांचं काम आहे. वेल्डिंगचे पैसे घेणार नाही.’’ डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘घाई माझ्या वडिलांनीही केली असेल.’’

कुजका भाग कापून नवा पत्रा बसला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने घासला. मग प्रायमर, सांध्यांना सीलर आणि कोटिंगचे दोन पातळ हात. सायलेन्सर, ब्रेक, हँडब्रेकची केबल झाकून ठेवली होती. पाण्याच्या निचऱ्याची भोकं बुजली नाहीत ना, हे मी काडी घालून पाहिलं.

अब्बांचा तो पत्रा भावाने फेकला नाही. गॅरेजात खिळ्याला टांगला आहे. कोणी ‘नुसतं वरून काळं करून द्या’ म्हणालं, की तो तिकडे बोट दाखवतो.