धीर आणि सोबत
(जोयडा येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



दोन माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ‘सहा महिन्यांत महत्त्वाची कामं उरका’ असं सुचवणाऱ्या तरुण डॉक्टरला आपणच धीर दिला, हा किस्सा ते भाषणांतून रंगवून सांगतात. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि पुढची वीस वर्षं ते राजकारण करत राहिले.

दुसरे गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर. अनमोड घाट उतरला की त्यांचं राज्य. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. २७ जानेवारी २०१९ला मांडवीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला ते नाकात नळी घेऊन आले आणि जमावाला ‘उरी’ चित्रपटातला ‘हाउज द जोश?’ हा सवाल टाकला. तीन दिवसांनी अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला गेले.

हिंमत कुणाची कमी पडली? कुणाचीच नाही. फरक आजाराचा होता. तोंडातली जखम आरशात दिसते. स्वादुपिंडाचं दुखणं बहुधा उशिरा कळतं. अमेरिकेतल्या जेम्स कॉइन यांनी २००७ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनाची उभारी असलेले जास्त जगले, असं त्यात आढळलं नाही. म्हणून रडणाऱ्या रुग्णाला ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सुनावू नका. आजार बळावला, तर तो स्वतःलाच दोष देत बसेल.

मग श्रद्धा, विनोद, आशा फुकटच का? अजिबात नाही. त्यांच्याकडून गाठ विरघळवण्याची अपेक्षा धरू नये, एवढंच. उपचारांचे दिवस निभावून नेणं हे त्यांचं काम.

उळवीच्या चन्नबसवेश्वराला माघात बैलगाड्यांनी लोक येतात. तिथं जरूर नवस बोला. पण तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर जत्रा होईपर्यंत थांबू नका. नुसती सुपारीही कॅन्सरला कारण होते. सुपारीच्या बागांवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे बोलणं जड जातं, तरी बोललं पाहिजे.

विनोदाचा पहिला मान रुग्णाचा. केस गेल्यावर ‘न्हाव्याचे पैसे वाचले’ असं तो म्हणाला, तर मोकळेपणानं हसा. तो म्हणण्याआधी तुम्ही म्हणू नका.

आशेचं माप मात्र बदलत जातं. आधी बरं व्हायची आशा, मग आज रात्री झोप लागण्याची, मग लेकीच्या लग्नात मांडवात बसण्याची. ही धाकटी आशा खोटी नव्हे, आणि ती पुरी करायला वैद्यकशास्त्र मदत करतं. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून वेदना-त्रास कमी करणारी काळजी, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मिळाली, त्यांचे दिवस सुसह्य झालेच. शिवाय ते साधारणपणे पावणेतीन महिने जास्त जगले. तेव्हा वेदना सोसत राहणं हा पराक्रम समजू नका. मॉर्फिनची गोळी डॉक्टरच्या सल्ल्यानं घेण्यात कमीपणा नाही.

आता आपल्या तालुक्याचं बोलू. उपचारांसाठी हुबळीचं नवनगर, बेळगाव नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठायचं. तोंडाच्या कॅन्सरला किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. जंगलातल्या वाडीवरून रोज बस पकडून ते होणार नाही. त्या शहरात खोली हवी, जेवण हवं, सोबतीला माणूस हवा, आणि मागं गुरांना चारा घालणारं कुणीतरी हवं. अर्ध्यावर उपचार सोडणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. त्याची मजुरी बुडत होती, हे कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून तुमच्या वाडीवर कुणाला हा आजार निघाला, तर ‘धीर सोडू नको’ म्हणून परतू नका. ‘सोमवारी तुझ्याबरोबर कोण येतंय?’ असं विचारा. कुणीच नसेल, तर तुम्ही जा.