आज्जीच्या भिंतीला सिमेंट लावायला मीच सांगितलं होतं

इअरफोन लावलेत ना? मग चला सुरू करू.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, नोकरी पुण्यात, घर जुन्नरला. पण आज कोडिंगवर बोलणार नाहीये. आज विषय आहे जुन्या इमारती जपायच्या शिक्षणाचा, म्हणजे कॉन्झर्व्हेशनचा. यात चक्क मास्टर्स करता येतं. आणि हे मला कळलं ते माझ्याच एका चुकीमुळे.

२०१७ साल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जुन्नरच्या पेठेत आमचा जुना वाडा आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, त्यावर चुन्याचा गिलावा. आज्जीच्या खोलीतला गिलावा जागोजाग सुटला होता. बाबा म्हणाले, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधू. मी म्हणालो, "बाबा, आता चुना कोण लावतं? सिमेंट करून टाका, पन्नास वर्षं बघायला नको." घरात इंजिनिअरिंगला गेलेला मी एकटाच. सगळ्यांनी ऐकलं.

पन्नास वर्षं सोडा, तीन पावसाळे टिकलं. भिंत फुगली. कमरेपर्यंत ओल चढली, वर पांढरा खार फुटला. मी एक पोपडा ओढला, तर सिमेंटला चिकटून विटेचा पुढचा थरच हातात आला. आत नुसता लाल भुगा. आज्जीची कॉट दुसऱ्या खोलीत हलवावी लागली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझी धाकटी बहीण बीआर्क झालेली, आता कॉन्झर्व्हेशनमध्ये एमआर्क करतेय. मागच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मला वाटलं, आता ही पटकन उपाय सांगेल. बाईसाहेबांनी चार दिवस फक्त टेप आणि वही घेऊन भिंती मोजल्या. ओल कुठपर्यंत चढलीय, तडा कुठे सुरू होतो, पागोळीचं पाणी कुठे पडतं, सगळं कागदावर. काका हसले, "अगं, भिंत पडायच्या आत संपेल ना तुझं चित्र?"

पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, भिंत आजारी नव्हती. तू तिचं नाक दाबलंस."

झालं होतं असं. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते, कारण तिला अडवणारा थर जोत्यात नसतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, वाऱ्यावर वाळू देतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग पाणी आणखी वर चढतं. पाण्यातले क्षार सिमेंटच्या मागे साठतात, त्यांचे खडे होतात आणि ते विटेला आतून फोडतात. चुना विटेपेक्षा मऊ असतो हा त्याचा दोष नाही, तेच त्याचं काम आहे. गिलावा झिजतो, वीट वाचते. गिलावा परत करता येतो. वीट गेली की गेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या कोडला हात लावायच्या आधी शंभर वेळा विचार करतो. ही ओळ कुणी, का लिहिली असेल? घराच्या बाबतीत मात्र मी तो प्रश्न विचारलाच नाही. तिच्या अभ्यासक्रमात हा पहिला धडा असतो. १९६४ ची व्हेनिस सनद म्हणून जगभर मानला जाणारा एक दस्तऐवज आहे. त्याचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर, आधी नोंद करा, नवीन जोडलेलं नवीन म्हणून ओळखू येऊ द्या, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे थांबा.

आता गंमत ऐका. चुना नुसता नाही वापरत. आपल्याकडे त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडीद घालायची पद्धत होती. तमिळनाडू-केरळकडे गूळ आणि हिरडा पाण्यात आंबवून ते पाणी चुन्यात घालतात. हिरडा! जो आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला, लोक उन्हाळ्यात झाडाखाली वेचतात आणि पोत्यानं विकतात. तो औषधाला जातो एवढंच मला माहीत होतं. माझ्या तालुक्यातल्या फळाचा बांधकामातला उपयोग मला बहिणीच्या नोट्समधून कळला.

आता तुमच्या कामाचं. हे शिकायचं कुठे?

आर्किटेक्चर केलं असेल तर रस्ता सरळ आहे. दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. कोर्स साधारण दोन वर्षांचा. सिव्हिलवाल्यांनो, तुम्हालाही दार आहे. आयआयटी मद्रासमध्ये वारसा इमारतींच्या सुरक्षिततेवर काम करणारं केंद्र आहे. युरोपात पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि चेक प्रजासत्ताकातली विद्यापीठं मिळून ऐतिहासिक बांधकामांच्या स्ट्रक्चरवर एक मास्टर्स चालवतात. आणि आर्ट्स-सायन्सवाले, पुण्यातलं डेक्कन कॉलेज आहेच, पुरातत्त्वाच्या एमएसाठी.

माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला एमआर्क मिळत नाही, मी चौकशी केली. पण मोबाईलच्या फोटोंवरून भिंतीचं थ्रीडी मॉडेल करणं मला जमतं. बहीण मोजते, मी मॉडेल करतो.

पैसे? खरं सांगतो. बीआर्कनंतर तिचा पहिला पगार माझ्या पहिल्या पगाराच्या निम्मा होता. बाबांना अजून काळजी वाटते. पण जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपण फटाके वाजवले, स्टेटस ठेवले. आता ते किल्ले नीट राखायला माणसं लागणार. ती माणसं आपल्या भागातली का नसावीत?

शेवटचं सांगतो. आज्जीचं माहेर जुन्या आंबेगावचं. ज्या गावाचं नाव अख्ख्या तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. आज्जी तिच्या घराबद्दल सांगते तेव्हा हातानं हवेत दाखवते. इथं ओटा, इथं देवळी, इथून पायरी. त्या घराचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

बहिणीनं वाड्याचा नकाशा आज्जीच्या हातात दिला, तेव्हा आज्जीनं चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "माझ्या माहेराचं काढशील का गं असं? मी सांगते."

या उन्हाळ्यात आम्ही सिमेंट हळूहळू काढलं. भिंत सध्या उघडी आहे, वाळतेय. खराब विटा बदलून मगच चुना. खोलीचं काय होईल, माहीत नाही. माहेराचा नकाशा मात्र सुरू झालाय.

तुमच्यासाठी एकच काम. घरी जुनी भिंत असेल तर दुरुस्तीच्या आधी तिचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. आणि गवंडीकाकांना विचारा, आत चुना आहे का? मी विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, भिंतींचीपण!