वाचलेले पाणी जाते कोठे?



बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, दोन नद्या उगम पावतात. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेस जाते, सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणात साठते व कूडलसंगमास कृष्णेला मिळते. देगाव परिसरातील म्हादई मात्र घाट उतरून सत्तरीत येते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ सागरास मिळते. पाऊस एकाच आभाळाचा. परंतु पाणी वाचविण्याचा हिशेब दोन्ही खोऱ्यांत एकच असू शकत नाही.

ठिबक सिंचनाने पाणी वाचते, असे सर्वत्र सांगितले जाते. ते असत्य नव्हे. पाणी मोजके व मुळाशी दिले की उघड्या मातीतून होणारे बाष्पीभवन घटते, विजेचा खर्चही कमी होतो. तथापि पाटाच्या पाण्याचा जो अंश जमिनीत मुरतो, तो नाहीसा होत नाही. मलप्रभेच्या खोऱ्यात तोच झिरपा खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरतो, किंवा ओढ्यावाटे पुन्हा नदीस मिळतो. वरच्या शेतकऱ्याने तो अडविला आणि उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर त्याची बचत ही खालच्याची तूट ठरते. अनुदानाच्या अर्जात हा खालचा शेतकरी कोठेच दिसत नाही! पिकाने पानांवाटे हवेत सोडलेले पाणी तेवढे खोऱ्यातून खरोखर जाते. म्हणून पीक कोणते व क्षेत्र किती, हा प्रश्न नळ्यांच्या प्रश्नाआधी येतो.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी ३ कोटी लिटर पाणी. तरीही वैशाखात विहिरींचा तळ दिसतो, कारण हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो आणि नद्या आखूड, उताराच्या आहेत. कुळागरात झिरपलेले पाणी खालच्या ओहोळास जगवते. तेथील बचत काही अंशी कागदावरचीच. परंतु खाजणालगत झिरपा थेट खाऱ्या पाण्यात मिसळतो, तेथे वाचलेले पाणी खरेच वाचते. मात्र समुद्रास मिळणारे गोडे पाणी सगळेच वाया जाते, असे मानणे चुकीचे. उन्हाळ्यात तोच प्रवाह भरतीचा खारटपणा मागे रेटतो. मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पण बाहेरचे पाणी अधिक खारे झाले, तर बांधातून झिरपणारा खारटपणा त्या दारांनी थांबत नाही.

वसंत बंधाऱ्यांविषयी एक व्यवहाराची गोष्ट. एकाच ओहोळावरील सर्व बंधाऱ्यांच्या फळ्या एकाच दिवशी बसविल्या, तर वरचा भरून ओसंडेपर्यंत खालच्यास पाणी पोहोचत नाही, आणि त्याच दिवसांत वायंगणाची पेरणी खोळंबते. शेजारच्या पंचायतींनी पावसाळा सरण्यापूर्वीच एकत्र बसून खालून वर अशा क्रमाने तारखा ठरवाव्यात, आणि कुजलेल्या फळ्या तेव्हाच बदलून घ्याव्यात.